रेडमधून वारंवार बाहेर पडणाऱ्या हार्ड डिस्क

रेडमधली एखादी डिस्क ‘फेल’ झाली असा संदेश येतो, त्याचा नेमका अर्थ एवढाच असतो, की त्या डिस्ककडे काहीतरी मागितले, ते वेळेत किंवा धड मिळाले नाही, म्हणून कंट्रोलरने अथवा सॉफ्टवेअरने तिला संचाबाहेर काढले. का मिळाले नाही, ते हा संदेश सांगत नाही. आतली तबकडी खरवडली गेली असेल, केबल सैल असेल, एसएमपीएसने क्षणभर मान टाकली असेल किंवा डिस्क एकाच खराब सेक्टरशी झटत बसली असेल. बाहेरून चारही प्रकार सारखेच दिसतात. नवी डिस्क आणली, रिबिल्ड (म्हणजे तिच्यावर मजकूर पुन्हा भरणे) पार पडले आणि दोन महिन्यांनी त्याच खणाचा दिवा पुन्हा लाल झाला, की कंपनीला किंवा नशिबाला बोल लावला जातो. मूळ दुखणे अनेकदा शेजारच्या वायरीत असते.

रेडची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या एका शोधनिबंधात मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यांतली एखादी जाणार हे गृहीतच धरायचे, असा तो विचार होता. ‘आरएआयडी’ या नावातल्या ‘आय’चा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असाच होता. पुढे विक्रेत्यांनी त्याचा ‘स्वतंत्र’ केला. घरगुती वापरात मात्र जुनाच अर्थ खरा ठरतो. रेड १ मध्ये दोन डिस्कांवर एकच मजकूर असतो. रेड ५ मध्ये मजकूर सगळ्या डिस्कांवर पसरतो आणि एका डिस्कएवढी जागा ताळ्यासाठी राखलेली असते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर हिशेबाने काढता येतो. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतो.

हिशेबाचाच धागा धरून पुढे जाता येते. गिब्सन यांनीच बिआन्का श्रोडर यांच्याबरोबर २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून सुमारे १ लाख डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे ही नेहमीची गोष्ट असल्याचे आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत जात असल्याचे त्यात दिसले. मधला ३ टक्क्यांचा आकडा घेतला, तर एकाच खणातल्या तीन डिस्क एका वर्षात निव्वळ योगायोगाने जाण्याची शक्यता लाखात एकही भरत नाही. तेव्हा तिसऱ्या खणाने तिसरी डिस्क ‘खाल्ली’, की संशय डिस्कवरून उठून खणावर जायला हवा. परत पाठवलेल्या डिस्कांपैकी बऱ्याच निर्मात्याच्या तपासणीत ठणठणीत निघतात, त्याचेही कारण हेच.

तपास सुरू करण्याआधी एक पथ्य पाळावे लागते: काहीही उपटायचे नाही. एक डिस्क बाहेर पडलेला रेड ५ संच म्हणजे ताळा नसलेली वही. त्या अवस्थेत दुसरी केबल हलली तर सगळेच जाते. आधी महत्त्वाचा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे सांगून सांगून गुळगुळीत झालेले वाक्य आहे, पण ते कळते ते याच घडीला. मग कोणत्या खणात कोणत्या सीरियल नंबरची डिस्क आहे ते कागदावर लिहावे. संगणक डिस्कांना देतो ती ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे रीस्टार्टनंतर बदलू शकतात. सीरियल नंबर बदलत नाही. चुकीची, म्हणजे चांगली डिस्क बाहेर ओढल्यामुळे संच घालवून बसलेल्यांची संख्या कमी नाही.

यानंतर दोन नोंदी वाचायच्या: ऑपरेटिंग सिस्टिमचा लॉग आणि डिस्कची स्वतःची ‘स्मार्ट’ नोंद. लॉगमध्ये पाहायची ती डिस्क बाहेर पडण्याआधीची एक-दोन मिनिटे. ‘मीडिया एरर’ किंवा ‘अनकरेक्टेबल’ असे शब्द असतील तर दोष तबकडीवर आहे. ‘लिंक रीसेट’, ‘लिंक डाउन’, गती ६ गिगाबिटवरून ३ आणि मग १.५ वर आणल्याची नोंद, हा क्रम दिसला तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातले संभाषण तुटते आहे. दोन-तीन डिस्क एकाच सेकंदाला गायब झाल्या असतील तर त्यांनी ठरवून जीव दिलेला नसतो. त्यांच्यात सामाईक काय आहे, एसएमपीएसची एकच वायर की एकच कंट्रोलर कार्ड, एवढेच शोधायचे उरते.

स्मार्ट नोंदीत डझनावारी ओळी असतात, कामाच्या थोड्याच. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. हे तीन आकडे आठवड्यागणिक चढत असतील तर डिस्क खरोखरच चालली आहे. क्रमांक १९९ ची जात मात्र वेगळी आहे. डिस्क आणि मदरबोर्ड एकमेकांना मजकूर पाठवताना प्रत्येक तुकड्यासोबत एक तपासअंक पाठवतात. गाडीबरोबर पोती मोजून चिठ्ठी द्यावी तसा हा प्रकार आहे. पलीकडे मोजदाद जुळली नाही तर १९९ चा आकडा एकाने वाढतो. पोती कमी भरली तर गोदाम तपासण्याआधी रस्ता तपासायचा.

समजा, ४ टेराबाइटच्या चार डिस्कांच्या संचातली तिसरी डिस्क बाहेर पडली आहे. तिच्या नोंदीत ५, १९७ आणि १९८ समोर शून्य आहे, १९९ समोर ४१२. बाकीच्या तिघींचा १९९ शून्य. ही डिस्क फेकून देण्यात काही अर्थ नाही. तिच्या केबलला किंवा खणाला दोष आहे. हा आकडा कधीही खाली येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावरही ४१२ तसाच दिसणार. तो ४१३ होतो का, एवढेच पाहायचे असते. जुना आकडा पाहून दचकून पुन्हा नवी डिस्क आणणारेही आढळतात.

शून्यावर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. गूगलने २००७ मध्ये १ लाखाहून अधिक डिस्कांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात आढळले. पण मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. स्मार्टने दोष दाखवला तर तो बहुधा खरा असतो. दाखवला नाही म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही.

सगळ्यांत खात्रीची परीक्षा अगदी साधी आहे: जागा बदलून पाहणे. संच पूर्ण धड असताना, यंत्र बंद करून, तिसऱ्या आणि पहिल्या खणातल्या डिस्कांची अदलाबदल करायची. लिनक्सचे एमडीएडीएम, झेडएफएस आणि त्यांच्यावर उभे असलेले नॅस (नेटवर्कला जोडलेले डिस्कांचे खोके) डिस्कला तिच्यावर लिहिलेल्या खुणेवरून ओळखतात, त्यामुळे खण बदलला तरी बिघडत नाही. जुन्या हार्डवेअर रेड कार्डांच्या बाबतीत आधी मॅन्युअल पाहावे. नंतरची चूक डिस्कबरोबर पहिल्या खणात आली तर दोष डिस्कचा. ती तिसऱ्याच खणात राहिली तर डिस्क निर्दोष सुटली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र कटाक्षाने पाळावे. डिस्क, केबल आणि पोर्ट तिन्ही एका दमात बदलले की चूक बंद होते, पण कशामुळे झाली ते कळत नाही आणि सहा महिन्यांनी ती परत येते.

सॅटा केबल दिसते साधी, पण तिच्यातून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात. काटकोनात मुडपलेली, दुसऱ्या केबलींबरोबर घट्ट बांधलेली किंवा खटका नसलेली केबल पहिली बदलावी. कॅबिनेटमधल्या सॅटा केबलचा जोड सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्याइतकाच टिकाऊ धरलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. नॅसमध्ये केबल नसते. डिस्क थेट मागच्या पट्टीतल्या खाचेत बसते. तिथे धूळ आणि ओल यांचा मामला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांत तांब्या-पितळेच्या सगळ्याच जोडांवर पुटे चढतात. डिस्क काढून पुन्हा नीट बसवल्यावर ‘आपोआप बरे’ झालेले बिघाड बहुधा याच जातीचे. घासल्याने जोड तेवढ्यापुरता साफ झालेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसावा. फुंकर मारू नये, थुंकीतला ओलावा आत जातो.

वीज हा सर्वांत दुर्लक्षित आरोपी आहे. साडेतीन इंची डिस्क फिरत असताना ५ ते ८ वॅट घेते, पण थांबलेली तबकडी गती घेताना १२ व्होल्टच्या तारेवरून सुमारे २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट. आता सॅटाच्या पॉवर जोडात १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या; एकूण साडेचार. अशा एका जोडाला स्प्लिटर लावून चार डिस्क चालवल्या की गणित तिथेच चुकते. पिना तापतात, त्यांची पकड सैल होते, सैल पिन आणखी तापते. प्लास्टिक ओतून साच्यात घडवलेले स्वस्त मोलेक्स-सॅटा जोड तर वितळून पेटल्याची उदाहरणे आहेत. तारा दाबून बसवलेले, मागून झाकण असलेले जोड त्यामानाने सुरक्षित. काळा पडलेला किंवा पिवळसर झालेला जोड दिसला तर बाकीचा तपास थांबवून तो आधी बदलावा.

विजेचा दोष पकडायला स्मार्टमधल्याच दोन ओळी उपयोगी पडतात. क्रमांक १२ डिस्क किती वेळा चालू झाली ते सांगतो, क्रमांक १९२ अचानक वीज गेल्यामुळे हेड किती वेळा घाईने मागे घ्यावे लागले ते. चारही डिस्क एकाच दिवशी बसवल्या असतील तर चौघींचे आकडे जवळपास सारखे हवेत. तिघींचा बारावा आकडा ३८ आणि तिसऱ्या खणातलीचा तोच आकडा १९७ असेल, तर घरात वीज असताना त्या एका खणात ती जात होती. मल्टिमीटरने १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसायला हवी, आणि तीही रिबिल्डसारखे जड काम चालू असताना. निवांत बसलेले यंत्र मोजून काहीच कळत नाही. चार खणांच्या नॅसचा ॲडॉप्टर साधारण ९० ते १०० वॅटचा असतो आणि त्यातले कपॅसिटर वर्षागणिक थकतात. चार-पाच वर्षे चालल्यावर नॅस मध्येच एखादी डिस्क सोडू लागला, तर डिस्कआधी ॲडॉप्टर बदलून पाहणे स्वस्त पडते. लोडशेडिंगच्या किंवा सतत कमी-जास्त दाबाच्या भागात यूपीएस आणि खरे अर्थिंग हवेच. घरचा इन्व्हर्टर मात्र यूपीएसची जागा घेईलच असे नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यात त्याचा क्षणभर जास्त जातो आणि तेवढ्यात यंत्र रीस्टार्ट होते.

केबल, खण, वीज सगळे ठीक असूनही डिस्क बाहेर पडते, तेव्हा घड्याळांचे भांडण तपासावे. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी दोन-दोन मिनिटे. एकट्या संगणकात हे योग्यच आहे, कारण तो मजकूर दुसरीकडे कुठे नसतो. रेडमध्ये तो असतो. म्हणून नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानते, ‘वाचता आले नाही’ म्हणून कळवते. सॉफ्टवेअर बाकीच्या डिस्कांवरून तो मजकूर काढून त्याच सेक्टरवर परत लिहिते आणि बहुधा प्रश्न तिथेच मिटतो. लिनक्स डिस्कच्या उत्तराची वाट ३० सेकंद पाहतो. डेस्कटॉप डिस्क त्या वेळी अजून झटतच असते. लिनक्स कंटाळून लिंक रीसेट करतो, डिस्क दाद देत नाही, दुरुस्तीसाठी केलेले लेखनही फसते आणि डिस्क संचाबाहेर जाते. एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क बडतर्फ! ती दुसऱ्या संगणकाला लावून तपासली तर छान चालते, आणि मालक चक्रावतो.

याला उपाय दोन. डिस्क परवानगी देत असेल तर स्मार्टसीटीएल या साधनाने तिची मर्यादा ७ सेकंदांवर आणावी. अनेक डिस्क हे वीज गेल्यावर विसरतात, त्यामुळे ती आज्ञा प्रत्येक सुरुवातीला आपोआप चालेल अशी ठेवावी लागते. डिस्क ऐकत नसेल तर उलट करावे: लिनक्सची वाट पाहण्याची मुदत ३० वरून १८० सेकंद करावी. एखादे वेळी संच तीन मिनिटे गोठेल, पण डिस्क नाहक जाणार नाही.

डिस्कची जात निवडण्यातही फसगत होते. ‘एसएमआर’ पद्धतीत माग एकमेकांवर थोडे चढवून, छपरावरच्या कौलांसारखे लिहिलेले असतात. मधले कौल बदलायचे तर त्यावर चढलेली आधी उचलावी लागतात. तसे एक छोटे लेखन करायला मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क हे काम फावल्या वेळात उरकते. रिबिल्डमध्ये फावला वेळ नसतो, सलग कित्येक तास नुसते लेखन चालते. डिस्क मागे पडत जाते, उत्तरे लांबतात आणि शेवटी नवी कोरी डिस्कच ‘फेल’ म्हणून बाहेर पडते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, लाल लेबलाच्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचे वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२० मध्ये मान्य केले. नंतर साध्या पद्धतीच्या डिस्कांना ‘प्लस’ हे वेगळे नाव मिळाले. तेव्हापासून खोक्यावरच्या शब्दापेक्षा मॉडेल नंबर तपासणे बरे.

उष्णतेचा बाऊ जितका होतो तितकी ती दोषी नसते. गूगलच्या त्याच अभ्यासात तापमान आणि बिघाड यांचे नाते अपेक्षेपेक्षा सैल निघाले. जास्त तापमानाचा त्रास मुख्यतः जुन्या डिस्कांना दिसला. तरी मे महिन्यातल्या नागपुरात खोलीच ४० अंशांवर असते आणि डिस्क तिच्याहून दहाएक अंश वर, तेव्हा बंद कपाटात कोंडलेला नॅस बाहेर काढावा हे सांगायला अभ्यास लागत नाही. सर्व्हरसाठी बनवलेली जुनी कंट्रोलर कार्डे मात्र खरेच उष्णतेने मार खातात. ती जोरदार वाऱ्याच्या झोतासाठी घडवलेली असतात. घरच्या कॅबिनेटमध्ये तापून हँग होतात आणि मग त्यांना जोडलेल्या सगळ्या डिस्क एकदम नाहीशा होतात. कार्डावर एक छोटा पंखा बसवला की पुरते.

कंपनाची गोष्ट वेगळी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस एका व्हिडिओत चालू डिस्कांवर चक्क ओरडून दाखवले. समोरच्या आलेखात डिस्कांची उत्तरे त्याच क्षणी लांबली. पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये स्क्रू न लावता ठेवलेल्या चार डिस्क एकमेकींवर असेच दिवसभर ओरडत असतात. मधल्या खणातली डिस्कच जास्त चुका करते असे दिसले तर स्क्रू, रबरी वॉशर आणि सबवुफरचे अंतर पाहावे.

कधी कधी मात्र डिस्क खरोखरच ओळीने जातात. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच लॉटमधल्या चार डिस्क घेतल्या की त्यांचे दोषही सख्खे असतात आणि वयही. वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून गळ्यात पडणे हाही प्रकार आहे. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या हजारो तास चाललेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांचा स्मार्टमधला तासांचा आकडा पुसलेला होता. सीगेट डिस्कवर ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद असते, तिथे तो शाबूत राहिला. नवी डिस्क संचात घालण्यापूर्वी क्रमांक ९, म्हणजे चाललेले तास, पाहावेत आणि स्मार्टची लांब चाचणी करावी. ४ टेराबाइटला सात-आठ तास लागतात.

एक डिस्क बाहेर असताना दुसरीही पडली तर घाईत ‘नवा संच तयार करा’ हे बटण दाबू नये. त्याने जुन्या मांडणीची खूणच पुसली जाऊ शकते. एमडीएडीएममध्ये प्रत्येक डिस्कवर घटनांचा एक क्रमांक असतो. शेवटी पडलेल्या डिस्कचा क्रमांक बाकीच्यांच्या जवळपास असेल तर संच सक्तीने जुळवता येतो. तिच्यात खरोखर खराब सेक्टर असतील तर आधी डीडीरेस्क्यूने तिची प्रत नव्या डिस्कवर काढावी आणि ती प्रत संचात लावावी. दोन डिस्क पडण्यामागे बहुधा न उघडलेल्या फाइली असतात. डेस्कटॉप डिस्क १०० लाख कोटी, म्हणजे एकावर १४ शून्ये इतक्या बिटांमागे एखादा न वाचता येणारा सेक्टर निघू शकतो असे कागदावर सांगतात. हे होतात साडेबारा टेराबाइट. ४ टेराबाइटच्या चार डिस्कांचा रेड ५ रिबिल्ड करताना उरलेल्या तिघींवरून १२ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या आकड्याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण वर्षभर न चाळलेल्या कोपऱ्यातला खराब सेक्टर नेमका रिबिल्डच्या वेळी समोर येतो. म्हणून महिन्यातून एकदा ‘स्क्रब’, म्हणजे सगळा संच वाचून ताळा तपासण्याचे काम, लावून ठेवतात. डेबियन लिनक्समध्ये ते महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते.

दुरुस्ती जमली की नाही, तेही स्क्रबच सांगतो. केबल किंवा जोड बदलल्यावर चारही डिस्कांचे ५, १२, १९२, १९७ आणि १९९ हे आकडे तारखेसह कागदाच्या पट्टीवर लिहून ती कॅबिनेटच्या आतून चिकटवावी. मग पूर्ण स्क्रब चालवावा आणि आकडे पुन्हा पाहावेत. १९९ चा आकडा ४१२ वरच असेल आणि बाराव्याने एकही उडी घेतली नसेल, तर तिसऱ्या खणातली डिस्क कामावर ठेवायला हरकत नाही.